ताकद कोणत्या चाकांना द्यायची?

कुसगाव घाटमाथ्यावर आहे, लोणावळ्याला लागून. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग त्याच्या कडेने जातो आणि खोपोलीहून बोगद्यांतून वर येणाऱ्या ‘मिसिंग लिंक’चं पुण्याकडचं टोकही इथेच, सिंहगड संस्थेजवळ येतं. इथून पूर्वेला निघालं की कामशेतच्या दिशेने मोकळा सहापदरी रस्ता. पश्चिमेला थोडं गेलं की खंडाळ्याचा उतार, वळणं आणि बोगदे. लोणावळ्यातून भुशी धरण, आयएनएस शिवाजी मागे टाकत दक्षिणेला गेलं की ॲम्बी व्हॅलीचा डोंगरी रस्ता लागतो आणि त्याच्या टोकाला एक धावपट्टी आहे, जिच्यावर गाड्यांच्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. शिवाय या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. चाकण आणि पिंपरीचे मोटार कारखानेही इथून फार लांब नाहीत.

सरळ रस्ता, घाट, धावपट्टी आणि पाऊस या चारही गोष्टी एवढ्याशा टापूत क्वचितच सापडतात. म्हणूनच वेगवान गाड्यांच्या शौकिनांमध्ये वर्षानुवर्षं रंगणारा एक वाद सोडवायला ही जागा उत्तम आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना द्यावी, मागच्या चाकांना द्यावी, की चारही चाकांना? गाडीच्या जाहिरातीत हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरात छापलेली असते. पण ती ताकद रस्त्यावर उतरते चाकांमधून, आणि कोणत्या चाकांमधून उतरते यावर गाडीचा सगळा स्वभाव ठरतो. त्याच वेळी, काही गोष्टी त्यावर अजिबात ठरत नाहीत. त्या कोणत्या, हे न कळल्यामुळे घाटात माणसं जिवाला मुकतात. म्हणून दोन्ही बाजू नीट समजून घ्यायला हव्यात.

सगळा खेळ पकडीचा

टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम हाताच्या पंजाएवढा असतो. अशा चार जागा मिळून दीड टनाची गाडी पळवतात, वळवतात आणि थांबवतात. एका टायरला किती पकड मिळेल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्या चाकावर वजन किती आहे आणि टायर व रस्ता यांच्यातला घर्षणांक किती आहे. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.९ च्या आसपास असतो. भिजलेल्या रस्त्यावर तो ०.५ पर्यंत उतरतो.

ही गोष्ट या घाटाला मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तिथला चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला पकड फार कमी. शिवाय डब्यांचं वजन कितीही असलं तरी डब्यांच्या चाकांना ताकद नसते, त्यामुळे ते वजन ओढण्याच्या कामी येत नाही. कामी येतं ते फक्त इंजिनाच्या स्वतःच्या चाकांवरचं वजन. म्हणूनच कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात आणि ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत आणतात. त्यामुळे ताकदीची चाकं वाढतात आणि पुढच्या इंजिनामागच्या जोडणीवरचा ताणही कमी होतो.

मोटारीतही हाच नियम. ज्या चाकावर वजन आहे पण ताकद नाही, ते चाक पिकअपच्या वेळी नुसतं ओझं वाहतं. त्यात मोटारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते: ॲक्सिलरेटर दाबला की गाडी मागे बसते, म्हणजेच पुढच्या चाकांवरचं काही वजन मागच्या चाकांवर जातं. ब्रेक दाबला की याच्या उलट.

आकडे मांडून पाहू. दीड हजार किलोची एक गाडी घ्या. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.६ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच. इंजिनात हवी तेवढी ताकद आहे असं धरू, म्हणजे मर्यादा फक्त पकडीची राहील. रस्ता कोरडा.

पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे, त्यामुळे उभ्या गाडीत ६० टक्के वजन, म्हणजे ९०० किलो, पुढच्या चाकांवर असतं. जोरात सुटताना त्यातलं सुमारे १३० किलो मागे सरकतं. नेमक्या गरजेच्या क्षणी पुढची चाकं हलकी होतात. हिशेब केला तर ही गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरला ६.२ सेकंदांच्या आत पोचू शकत नाही.

मागच्या चाकांना ताकद असलेली, वजन दोन्हीकडे निम्मं-निम्मं वाटलेली गाडी घेतली, तर मागे ७५० किलो असतात आणि सुटताना त्यात आणखी दीडशे-एक किलोची भर पडते. वेळ ५.२ सेकंद. इंजिनच मागे ठेवलं आणि ६० टक्के वजन मागे आलं, तर ४.३ सेकंद. चारही चाकांना ताकद दिली, तर वजन कुठेही सरको, ते कुठल्या तरी ताकदीच्या चाकावरच पडणार. वेळ ३.१ सेकंद.

आता त्याच रस्त्यावर पाऊस पाडू, घर्षणांक ०.५ धरू. पुढची चाकं: १०.३ सेकंद. मागची चाकं, निम्मं-निम्मं वजन: १०.२ सेकंद. इंजिन मागे: ८.५ सेकंद. चारही चाकं: ५.७ सेकंद.

इथे थोडं थांबून विचार करायला हवा. कोरड्यावर मागच्या चाकांचा जो एका सेकंदाचा फायदा होता, तो ओल्यावर जवळजवळ नाहीसा झाला. कारण उघड आहे. पकड कमी, म्हणून पिकअप कमी. पिकअप कमी, म्हणून मागे सरकणारं वजनही कमी. ताकदवान मोटारीत मागच्या चाकांचं श्रेष्ठत्व हे कोरड्या, चांगल्या रस्त्याने दिलेलं असतं. लोणावळ्याच्या जुलैमध्ये ते उरत नाही. चारही चाकांच्या गाडीची आघाडी मात्र कोरड्यावर असते त्याहून पावसात जास्त उठून दिसते.

पुढची चाकं: साधी, हुशार, पण दुहेरी कामाची

१९५९ साली ब्रिटनमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी ही छोटी गाडी घडवली. इंजिन आडवं बसवून त्याची ताकद थेट पुढच्या चाकांना दिल्यामुळे गाडीच्या पोटातून मागे जाणारा लांब शाफ्ट गेला आणि एवढ्याशा गाडीत चार माणसं आरामात बसू लागली. हा सगळा खटाटोप जागा वाचवण्यासाठी होता. पण १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी याच मिनीत बसून मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली, तेव्हा पुढच्या चाकांची गाडी वेगवानही असू शकते हे ठळकपणे दिसलं.

आपल्याकडे हा बदल डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० घेऊन आली. पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका १९९८ ची, तीही पुढच्या चाकांची. चाकणच्या कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो तर हौशी मंडळींची लाडकी ठरली. तिच्या जीटी टीएसआय मॉडेलमध्ये १.२ लिटरचं छोटं टर्बो इंजिन होतं. पुढच्या चाकांच्या गाडीची सगळी गंमत आणि सगळ्या अडचणी अशा गाडीत स्पष्ट कळतात.

अडचण ही, की पुढच्या दोन चाकांवर दोन कामं पडतात: गाडी ओढायची आणि वळवायचीही. टायरची पकड ठरलेली असते. ती ओढण्यात खर्च झाली की वळवायला उरत नाही. वळणात असताना ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर स्टीअरिंग फिरवलेलं असूनही गाडी सरळ, वळणाच्या बाहेरच्या कडेकडे सरकत जाते. यालाच अंडरस्टीअर म्हणतात. यातली चांगली गोष्ट अशी, की नवख्या चालकाची पहिली प्रतिक्रिया, म्हणजे घाबरून पाय उचलणं, इथे बहुतेक वेळा बरोबरच ठरते. पाय उचलला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरला पकड मिळते आणि गाडी वळायला लागते. एकदम झटक्यात उचलला तर मात्र मागची बाजू हलकी होऊन सुटू शकते. तरीही ओल्या घाटात सर्वसाधारण माणसासाठी या रचनेइतकी समंजस रचना दुसरी नाही.

ताकद वाढवत नेली की आणखी एक त्रास सुरू होतो. डाव्या-उजव्या चाकांना मिळणाऱ्या ओढीत थोडाही फरक पडला की स्टीअरिंग हातातून एका बाजूला खेचलं जातं. हा टॉर्क स्टीअर. त्यावर उपाय म्हणून पुढच्या टोकाचं सस्पेन्शन वेगळ्या पद्धतीने बांधतात आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल बसवतात. ते डिफरन्शिअल आतलं, हलकं झालेलं चाक नुसतंच जागेवर फिरू देत नाही. ताकद बाहेरच्या, वजन पेलणाऱ्या चाकाकडे पाठवतं. होंडाची सिव्हिक टाइप आर ही याच मार्गाने ३२९ पीएसची (म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवरची) ताकद फक्त पुढच्या चाकांतून रस्त्यावर उतरवते. शंभरचा वेग गाठायला तिला ५.४ सेकंद लागतात. मर्यादेच्या अगदी काठावर नेऊन ठेवलेली ही रचना आहे.

मागची चाकं: वाटून घेतलेलं काम

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये बनलेली फियाट, म्हणजेच पुढे प्रीमियर पद्मिनी झालेली गाडी, महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी खंडाळ्याचा घाट चढताना अनुभवली. इंजिन पुढे, मधून लांब प्रोपेलर शाफ्ट आणि ताकद मागच्या चाकांना. त्या काळी ही रचना वेगासाठी निवडलेली नव्हती. वळणारं चाक आणि ताकदीचं चाक वेगळं ठेवणं यंत्राच्या दृष्टीने सोपं आणि स्वस्त होतं. पण त्याच साधेपणात वेगवान गाडीचं मोठं सूत्र दडलेलं आहे. पुढची चाकं फक्त वळवतात, मागची फक्त ढकलतात. प्रत्येक टायर आपली पकड आपल्या कामाला लावतो.

कसलेल्या चालकाला मागच्या चाकांची गाडी आवडते ती यामुळे. स्टीअरिंग स्वच्छ बोलतं, कारण त्यात इंजिनाची ओढ मिसळलेली नसते. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत गेलं की मागची बाजू किंचित बाहेर सरकते आणि गाडीचं नाक वळणाच्या आत येतं. म्हणजे गाडी हातांनी वळते तशी पायानेही वळते. ड्रिफ्टिंगचा सगळा खेळ याच गुणावर उभा आहे.

धोकाही नेमका इथेच. मर्यादा ओलांडली की मागची चाकं सुटतात आणि गाडी शेपूट मारते. हे ओव्हरस्टीअर. इथे घाबरून पाय झटकन उचलला, तर वजन पुढे जातं, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी गरकन फिरते. गाडी सावरायची तर स्टीअरिंग घसरणीच्या दिशेला, म्हणजे मनाला उलटं वाटेल असं फिरवावं लागतं, आणि ते अर्ध्या सेकंदात. आजच्या गाड्यांत स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून हे काम करते. चारशे-पाचशे हॉर्सपॉवरच्या गाड्या रोजच्या रस्त्यावर शक्य झाल्या त्यात तिचा मोठा वाटा आहे. पावसाळ्यात ती बंद करून घाटात उतरणं हा निव्वळ अविचार.

इंजिन मागच्या चाकांच्याही मागे ठेवण्याचा हट्ट पोर्शने १९६० च्या दशकापासून ‘९११’ मध्ये चालवला आहे. आपण वर मांडलेला हिशेब तिथे खरा ठरताना दिसतो. २०१९ साली बाजारात आलेल्या पिढीत ९११ कॅरेरा ही मागच्या चाकांची, तर कॅरेरा ४ ही चारही चाकांची. इंजिन तेच. आणि दोघींनाही कंपनीने दिलेली शंभरपर्यंतची वेळ एकच: ४.२ सेकंद. मागच्या चाकांवर मुळातच एवढं वजन आहे, की तेवढ्या ताकदीला कोरड्या रस्त्यावर पुढच्या चाकांची मदत लागत नाही. टाटा मोटर्सची नॅनोही याच घराण्यातली: इंजिन मागे, ताकद मागे. तिथे हेतू वेगाचा नव्हता, जागेचा आणि किमतीचा होता. एकच रचना किती वेगळ्या कामांना उपयोगी पडते, याचं हे चांगलं उदाहरण.

चारही चाकं: जीपपासून क्वाट्रोपर्यंत

चार चाकांना ताकद म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी जीप येते. महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पण त्या जीपची फोर बाय फोर आणि वेगवान गाडीची ऑल व्हील ड्राइव्ह यांत महत्त्वाचा फरक आहे. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापावं लागतं. जुन्या जीपमध्ये लिव्हर टाकून पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात. चिखलात हे चालतं, कारण चाकं थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर मात्र यंत्रणा आवळली जाते, गाडी वळायला कुरकुरते आणि गिअर-शाफ्टवर ताण येतो. त्यामुळे चांगल्या रस्त्यावर वेगाने पळणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या जोड्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं मधलं डिफरन्शिअल किंवा क्लच लागतो.

ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आणली ती ऑडीने. १९७७ च्या हिवाळ्यात कंपनीचे अभियंते बर्फात गाड्यांच्या चाचण्या घेत होते. त्यांच्यासोबत इल्टिस नावाचं लष्करी वापराचं एक वाहन होतं, ताकदीने अगदी बेताचं. पण बर्फावर ते जास्त ताकदीच्या, पुढच्या चाकांच्या ऑडींना मागे टाकू लागलं. योर्ग बेन्सिंगर या अभियंत्याने तिथून ही कल्पना उचलली आणि १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वाट्रो उभी राहिली. १९८१ मध्ये मिशेल मूटाँ या फ्रेंच चालिकेने क्वाट्रोतून सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक रॅली अजिंक्यपदाची फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. १९८२ मध्ये उत्पादकांचं अजिंक्यपदही ऑडीकडे गेलं.

पण पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, लान्चियाने मागच्या चाकांच्या ‘०३७’ने ते पद हिसकावून घेतलं. ही गाडी हजार किलोच्या आत होती, इंजिन मधोमध, चपळ. जिथे जिथे डांबर कोरडं मिळालं तिथे तिने क्वाट्रोच्या जादा पकडीला हलकेपणाने उत्तर दिलं. दोन चाकांच्या ताकदीवर उत्पादकांचं रॅली अजिंक्यपद जिंकणारी ती आजवरची शेवटची गाडी. शर्यतीच्या ट्रॅकवरची कथाही अशीच. १९६१ मध्ये ओल्टन पार्कला स्टर्लिंग मॉस यांनी फर्ग्युसन पी-९९ या चारही चाकांच्या फॉर्म्युला वन गाडीतून शर्यत जिंकली. रस्ता ओला होता. १९६९ मध्ये अनेक संघांनी तशा गाड्या बांधल्या आणि सोडूनही दिल्या. जादा वजन परवडेना, आणि रुंद टायर व हवेचा दाब वापरणारे पंख हे काम अधिक स्वस्तात करू लागले.

या दोन घटनांतून निघणारा धडा आजच्या गाड्यांनाही लागू पडतो. जादा शाफ्ट, जादा डिफरन्शिअल, जादा वजन, जादा खर्च. हे सगळं पदरात घेतल्यावर पकडीची कमतरता असेल तरच फायदा. आणि आज ताकद एवढी वाढली आहे की कमतरता बहुतेक वेळा असतेच. बीएमडब्ल्यूची एम-३ कॉम्पिटिशन हे त्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. एकाच पिढीत, ५१० पीएसच्या त्याच इंजिनासह ती दोन्ही रूपांत आली. मागच्या चाकांची गाडी शंभरला ३.९ सेकंदांत जाते, चारही चाकांची ३.५ सेकंदांत. सुमारे ५० किलो जादा वजन वाहूनसुद्धा. आपल्या परिसरातली मर्सिडीज-एएमजी ए-३५ चाकणला जोडली जात असे. तिची ताकद ३०६ पीएस, म्हणजे सिव्हिक टाइप आरपेक्षा कमी. पण चारही चाकांमुळे शंभरचा वेग ती ४.८ सेकंदांत गाठते.

चारही चाकांच्या सगळ्या यंत्रणा मात्र एकसारख्या नसतात. काही गाड्या कायम चारही चाकं चालवतात. काही, ए-३५ सारख्या, मुळात पुढच्या चाकांच्या असतात आणि गरज पडेल तसा क्लच आवळून जास्तीत जास्त निम्मी ताकद मागे धाडतात. काही, एम-३ सारख्या, मुळात मागच्या चाकांच्या असतात आणि मदतीपुरती ताकद पुढे पाठवतात. त्यामुळे दोन गाड्यांच्या माहितीपत्रकावर एकच शब्द छापलेला असला, तरी वळणात एक पुढून सरकेल आणि दुसरी शेपूट काढेल.

धावपट्टीवरचा निकाल

ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ नावाच्या ड्रॅग शर्यती भरल्या, तेव्हा या सगळ्या सिद्धांताची सरळ रेषेत परीक्षा झाली. पोलोसारख्या हॅचबॅकपासून महागड्या सुपरकारपर्यंत गाड्या तिथे उतरत. ड्रॅगमधलं मूळ अंतर पाव मैलाचं, म्हणजे ४०२ मीटर. वळण नाही, चढ-उतार नाही. फक्त सुटायचं आणि पळायचं.

ड्रॅगवाले लोक शेवटच्या वेगाआधी ‘सिक्स्टी फूट’ची वेळ विचारतात, म्हणजे पहिले १८ मीटर किती वेळात गेले. शर्यत बरीचशी तिथेच ठरते. चारही चाकांची गाडी लाँच कंट्रोल (सुटताना ताकद आपोआप तोलणारी यंत्रणा) लावून सुटते तेव्हा टायर जवळजवळ घसरतच नाहीत. मागच्या चाकांच्या गाडीला चालकाने ॲक्सिलरेटर तोलून धरावा लागतो. टायर गरम असले आणि धावपट्टी पकड देत असली तर ती छान बसून सुटते. पुढच्या चाकांच्या ताकदवान गाडीची पुढची चाकं पहिल्या दोन गिअरमध्ये धूर काढत राहतात.

पण तिसऱ्या-चौथ्या गिअरनंतर चित्र बदलतं. वेग वाढला की चाकांवर येणारी ओढ कमी होते आणि पकड पुरून उरते. तिथून पुढे इंजिनाची ताकद, गाडीचं वजन आणि हवेचा विरोध यांचं राज्य. जादा शाफ्ट आणि गिअर फिरवण्यात खर्च होणारी ताकद इथे चारही चाकांच्या गाडीला थोडी भोवते. म्हणून पाव मैलात मागे पडलेली हलकी, मागच्या चाकांची गाडी अर्ध्या मैलापर्यंत अंतर भरून काढताना दिसते. सुटण्यात चार चाकं जिंकतात. वेग टिकवण्यात ताकद आणि हलकेपणा.

उतार, पाऊस आणि बोगद्याचं तोंड

आता घाट उतरायला लागू. इथे आपण या प्रकरणातल्या सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्यापाशी येतो.

ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. फियाटला होते, पोलोला आहेत, ९११ लाही आहेत. ताकद कुठल्या चाकांना जाते याचा थांबण्याच्या अंतराशी संबंध नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने, घर्षणांक ०.९ असलेल्या कोरड्या सपाट रस्त्यावर, ब्रेक लागल्यापासून गाडी जास्तीत जास्त लवकर म्हणजे सुमारे १६ मीटरमध्ये थांबते. ओल्यावर त्याला २८ मीटर लागतात. ५ टक्के उतार धरला तर साडेएकतीस. ताशी १०० किलोमीटरला, सपाटीवरच, ओल्यावर जवळपास ७९ मीटर. हे आकडे तिन्ही रचनांना सारखेच लागू. उलट चारही चाकांची गाडी वजनाने जड असते, त्यामुळे तिच्या ब्रेकला जास्त उष्णता झेलावी लागते.

वळणात शिरण्याच्या वेगाचंही तेच. ५० मीटर त्रिज्येच्या वळणात कोरड्यावर टायरची मर्यादा ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास, ओल्यावर ५६. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना चारही चाकांची गाडी त्यात एका किलोमीटरचीही भर घालत नाही. पण तिचा चालक सरळ रस्त्यावर चाकं घसरताना कधी पाहतच नाही. पावसात इतर गाड्या चाचपडत असताना त्याची गाडी निमूट पळते, आणि रस्ता किती निसरडा आहे याची सूचना त्याला पहिल्यांदा मिळते ती ब्रेक दाबल्यावर. पुढच्या किंवा मागच्या चाकांची गाडी ती सूचना सुटतानाच देते.

या घाटात आणखी एक सापळा आहे. बोगद्याच्या आत रस्ता बराचसा कोरडा असतो. बाहेर पडता पडता, एका क्षणात, मुसळधार पाऊस आणि वाहतं पाणी. घर्षणांक जवळपास निम्म्यावर येतो आणि तोही नेमका उताराच्या वळणावर. बोगद्याच्या तोंडाशी ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि स्टीअरिंग तिन्ही शांत ठेवावीत, वेग आतच कमी केलेला असावा. मिसिंग लिंकचा मोठा बोगदा तर सुमारे नऊ किलोमीटरचा. एवढा वेळ कोरड्यावर चालवल्यावर हे भान सुटणं सोपं आहे.

एका बाबतीत मात्र उतारावर रचनेचा फरक खरोखर पडतो: इंजिन ब्रेकिंग. गिअर खाली टाकला की इंजिन गाडीला धरून ठेवतं, पण ते धरतं फक्त ताकदीच्या चाकांतून. पुढच्या चाकांच्या गाडीत हा ताण उतारामुळे आधीच वजन आलेल्या पुढच्या टायरवर पडतो, म्हणून गाडी स्थिर राहते. मागच्या चाकांच्या गाडीत तो हलक्या झालेल्या मागच्या टायरवर पडतो. ओल्या उतारावर एकदम दोन गिअर खाली टाकले तर मागची चाकं घसरू शकतात. चारही चाकांच्या गाडीत तो वाटला जातो. म्हणून मागच्या चाकांच्या गाडीने उतार सुरू होण्याआधीच, सावकाश, एकेक गिअर खाली यावं. डिझेल-पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडून घाट उतरण्याची सवय मात्र तिन्ही रचनांमध्ये सारखीच घातक आहे. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत.

विजेच्या गाड्यांनी मांडलेला नवा डाव

चाकणला तयार होणारी महिंद्राची बीई-६ ही विजेवरची गाडी मागच्या चाकांची आहे. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलला २८६ पीएसची मोटर असून शंभरपर्यंत ६.७ सेकंद लागतात. बॅटरी जमिनीलगत पसरलेली असल्यामुळे वजन दोन्हीकडे बरंच समान वाटलं जातं आणि मोटर लहान असल्याने मागे ठेवणं सोपं. म्हणजे मारुती ८०० च्या काळापासून आपल्या रोजच्या रस्त्यांवरून हद्दपार होत आलेली मागच्या चाकांची रचना विजेमुळे परत आली आहे. टाटांच्या हॅरिअर ईव्हीच्या वरच्या मॉडेलमध्ये पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटरी आहेत. मधला शाफ्ट नाही, मधलं डिफरन्शिअल नाही. पुढची आणि मागची ताकद संगणक वेगवेगळी मोजतो, तीही पेट्रोल इंजिनाला कधीच जमणार नाही इतक्या झटपट. महिंद्रा समूहाच्या ऑटोमोबिली पिनिनफारिना कंपनीची बॅटिस्टा तर प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर देते. २०२३ मध्ये इंदूरजवळच्या नॅट्रॅक्सच्या चाचणी मार्गावर तिने पाव मैल ८.५५ सेकंदांत पार केला.

या गाड्यांमध्येही उतारावरचा नियम सुटत नाही. पाय उचलला की मोटर वीज परत बॅटरीत भरते आणि गाडी धरून ठेवते, आणि हेही ताकदीच्या चाकांतूनच घडतं. मागच्या एकाच मोटरच्या गाडीत, पावसाळी उतारावर ही पकड सौम्य ठेवलेली बरी.

मग निवड कशी करावी? रोज पुणे-मुंबई करणाऱ्या, पावसाळ्यात घाट उतरणाऱ्या आणि दोनशे हॉर्सपॉवरच्या आत समाधान मानणाऱ्या माणसाला पुढच्या चाकांची गाडी उत्तम. ती चूक पोटात घालते. ज्याला गाडी हाताळण्यातच आनंद आहे, जो ट्रॅकवर जाऊन शिकायला तयार आहे, त्याने मागच्या चाकांची घ्यावी. तीनशेच्या पुढे हॉर्सपॉवर असेल आणि गाडी बाराही महिने वापरायची असेल, तर चारही चाकांना पर्याय नाही. पण यांपैकी काहीही घेतलं तरी त्यातले काही पैसे चांगल्या टायरसाठी राखून ठेवावेत आणि ते टायर गुळगुळीत होण्याआधी बदलावेत. ताकद कुठल्या चाकांना जाते यावर गाडी वळणातून बाहेर कशी पडेल हे ठरतं. त्या वळणात ती किती वेगाने शिरू शकते आणि समोर अचानक उभ्या राहिलेल्या ट्रकच्या आधी थांबते की नाही, हे टायर ठरवतो, रस्ता ठरवतो आणि चालकाने वेग कमी करण्याचा निर्णय किती आधी घेतला हे ठरवतं. हा निर्णय कुठलीच कंपनी गाडीसोबत विकत नाही. तो आपणच घ्यायचा असतो, आणि वळण दिसायच्या आधी घ्यायचा असतो.